अर्धवट गरम सूप

१

"वहिनी! पुन्हा गेला!"

स्वयंपाकघरातून धाकट्या जावेची आरोळी आली आणि थोरलीचा शिलाई मशीनवरचा पाय थांबला. गेला म्हणजे कोण गेला, हे त्या घरात आता कुणी विचारत नव्हतं. मायक्रोवेव्ह गेला. म्हणजे त्याचा फ्यूज गेला. पुन्हा.

थोरली पडद्याचं कापड मांडीवरून भिरकावून धावली. ओव्हन आपला ओट्याच्या कोपऱ्यात ठार गप्प. आतला दिवा बंद, तबकडी बंद. वेळेचं फिरवायचं बटण शून्याच्या अलीकडेच अडकून बसलेलं. वर धूर ओढणारा पंखा तेवढा घोंगावत होता. धाकटी प्लग काढत होती, लावत होती, पुन्हा काढत होती.

"मी काही म्हणजे काही केलं नाही हो! बाबांचं सूप ठेवलं, बटण फिरवलं आणि त्यांचं टेबल पुसायला गेले. परत येऊन बघते तर हा असा."

"तू कुठे काय करतेस गं," थोरली म्हणाली. "दर वेळी तुझ्याच हातात जातो, एवढंच."

धाकटीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. थोरलीने ते पाहिलं, आणि खोटं कशाला बोला, तिला जरा बरं वाटलं.

ओव्हन थोरलीचा होता. जगाचे पडदे शिवून, पाठीचा काटा ढिला करून तिने तो घेतला होता. घेतला त्या दिवशीच तिने घरात फर्मान काढलं होतं: घंटा वाजल्याशिवाय दाराला हात लावायचा नाही. नवऱ्याने एकदा घाईत दार उघडलं तर तिने त्याला असं काही झापलं होतं की त्यानंतर तो बिचारा घंटा वाजली तरी एकदा विचारूनच दार उघडायचा.

दुरुस्तीवाला येऊन जाऊन थकला. यायचा, फ्यूज बदलायचा, ग्लासभर पाणी ठेवायचा. टिंग! पाणी कडकडीत. एकदा त्याने आतला कुठलासा महागडा भागही बदलून पाहिला. टिंग! आणि चार दिवस गेले की पुन्हा येरे माझ्या मागल्या. शेवटी त्याने हात झटकले. "यंत्र चोख आहे, ताई. वापरणाऱ्याचा हात बघा."

वापरणाऱ्याचा हात! थोरलीने ते वाक्य मनात जपून ठेवलं होतं. त्या संध्याकाळी सासऱ्यांसमोर तिने ते अलगद काढलं.

सासरे, म्हणजे घरातले बाबा, आधीच वैतागलेले. "रोजची कटकट झाली ही! उद्या अक्काला बोलावतो. ती लावेल छडा. आणि धाकटीच्या हाताचाच दोष निघाला, तर वरच्या दोन खोल्या मोकळ्या आहेत. तिथे त्या दोघांनी आपलं वेगळं स्वयंपाकघर मांडावं. निदान घरात शांतता तरी राहील."

धाकटीचा चेहरा पांढराफटक पडला. तिचा नवरा कायम फिरतीवर. वरच्या खोल्यांत ती एकटीच पडली असती. थोरली मात्र त्या रात्री गाढ झोपली.

२

आता थोरलीच्या पोटात नेमकं काय दुखत होतं, ते सांगायला हवं.

सूप. दुसरं काही नाही, सूप.

रोज दुपारी थोरली पातेलंभर सूप करायची. भाज्या तिने चिरायच्या, तिनेच शिजवायच्या, तिनेच गाळायच्या. दुपारी बाबा ते मुकाट प्यायचे. हूं नाही की चूं नाही. वाडगं रिकामं करून उठायचे. संध्याकाळी त्याच पातेल्यातलं, त्याच सुपाचं वाडगं धाकटी गरम करून बाहेरच्या खोलीत न्यायची, आणि लगेच बाबांचा आवाज यायचा: "वा! झकास!"

झकास? अरे, दुपारी काय झालं होतं मग? दुपारी ते गटारातून आणलं होतं का?

थोरलीला खात्री होती की ही भवानी त्यात काहीतरी घालते. लोणी घालत असेल. मिरपूड असेल. नाहीतर माहेराहून आणलेलं कसलं तरी चूर्ण असेल. राबायचं मी आणि वाहवा हिची! अधूनमधून संध्याकाळी धाकटी टेबल मांडायला गेली की थोरली मशीन सोडून मांजराच्या पावलांनी स्वयंपाकघरात यायची, वाडग्यावरचं झाकण उचलायची, नाक खुपसून वास घ्यायची. कधी बोटही बुडवायची. काहीच सापडायचं नाही. मग पावलं वाजली की सगळं होतं तसं करून आपल्या खोलीत पसार. सापडत नाही म्हणजे पक्की लबाड आहे, एवढंच तिला त्यातून कळायचं.

धाकटी लग्न होऊन आल्यापासून हेच चाललं होतं. धाकटीने केस धुतले तरी घरात कौतुक. धाकटी शिंकली तरी सगळ्यांना काळजी. थोरलीची पाठ धरली तेव्हा नवरा म्हणाला होता, "मलम लाव." आणि आता खुद्द तिच्या ओव्हनचा जीव हिने घ्यायचा? छे, उद्या अक्का येऊ दे. उद्या सोक्षमोक्ष.

३

अक्का म्हणजे बाबांची थोरली बहीण. पोराबाळांची आत्या. जन्म प्रयोगशाळेतली यंत्रं दुरुस्त करण्यात गेलेला, आणि जीभ त्या यंत्रांहून धारदार. आल्या आल्या तिने चप्पल काढली, चष्मा बदलला आणि ओव्हनपुढे स्टूल ओढून बसली.

"कुणी हात लावलाय याला?"

"नाही आत्या," थोरली पुढे होऊन म्हणाली. "काल हिच्या हातात गेला, तेव्हापासून तसाच आहे."

"हिच्या हातात गेला, की हिला गेलेला सापडला?"

थोरली गोंधळली. "म्हणजे... एकच ना ते."

"बरं," आत्या म्हणाली आणि बटणाकडे वाकून बघत राहिली. "हे अर्ध्यावर अडकलंय. सूप कसं होतं गं, धाकटे? गार की गरम?"

धाकटी दारात अंग चोरून उभी होती. "कोमट. ना धड गार, ना धड गरम."

"दर वेळी?"

"दर वेळी."

"म्हणजे चालू करताक्षणी जात नाही. चांगला चालतो आणि मध्येच मरतो." आत्याने चष्म्यावरून दोघींकडे पाहिलं. "आतला मोठा भाग जळाला असता तर बटण फिरवताच फ्यूज उडाला असता. ते काही इथे झालेलं नाही. जा, मला एकेकीशी बोलायचंय. आणि आधी तुमच्या सासऱ्याशी."

थोरली बाहेर आली खरी. पण बाहेर म्हणजे दाराच्या मागे. तिथे पडद्याची घडी घालत उभी राहिली. एकच घडी, चांगली पाच-सहा वेळा.

"काय रे, तुला इथे बसून काय ऐकू येतं?" आत्याने बाहेरच्या खोलीत जाऊन भावाला विचारलं.

"सगळं येतं. बहिरा झालो नाही अजून. संध्याकाळी मी घंटेकडे कान लावून असतो. घंटा झाली की सूप येतं."

"आणि ज्या दिवशी फ्यूज जातो त्या दिवशी?"

"त्या दिवशी घंटा होत नाही. त्याआधी खटॅक असा आवाज होतो. फ्यूज उडाल्याचा असणार."

"फ्यूज बोटाएवढा असतो, तोही पत्र्याच्या पेटीत बंद. त्याचा आवाज इथवर येईल होय? आणि शिलाई मशीनच्या खडखडाटात तुला तो खटॅक ऐकू कसा येतो?"

बाबा विचारात पडले. "मशीन तेव्हा बंद असतं बुवा. आधी मशीन थांबतं, मग खटॅक, मग थोड्या वेळाने पुन्हा मशीन."

"असं का!" आत्या म्हणाली.

दारामागे थोरलीला राग आला. बघा, माझ्या मशीनचासुद्धा यांना त्रास! तिने घडी पुन्हा उलगडली.

४

मग धाकटीची पाळी आली. ती स्टुलावर टेकली, आणि आत्याने काही विचारायच्या आतच मुसमुसायला लागली.

"रडू नकोस. रडून मला काही कळत नाही. वाडग्यावर झाकण ठेवतेस?"

"ठेवते. पण तिरकं. वाफ कोंडली तर सूप उसळून सगळीकडे उडतं."

"आणि परत येतेस तेव्हा?"

धाकटीने डोळे पुसले. तिच्या कपाळाला आठी पडली. "ते बाई मला कळतच नाही. ज्या दिवशी फ्यूज जातो त्या दिवशी झाकण नीट बसलेलं असतं, अगदी घट्ट. मला वाटायचं, तबकडी फिरता फिरता बसत असेल."

"तबकडी म्हणजे काय पाहुणी आहे, झाकणं नीट लावायला?"

धाकटी रडता रडता खुदकन हसली. थोरलीला दारामागे ते हसू ऐकू आलं आणि तिचा तिळपापड झाला. आता आत्यासुद्धा हिच्या खिशात!

"सुपात काय घालतेस?"

"मी? काही नाही. वहिनींनी केलेलं असतं तेच."

"आणि घंटेआधी कधी दार उघडतेस?"

"छे हो! वहिनी जीव घेतील."

आत्याने तिला जायला सांगितलं. मग थोरलीच्या नवऱ्याला बोलावून तेच विचारलं. त्याने कानाला हात लावला. "आत्या, या घरात घंटेआधी दार उघडायची कुणाची छाती आहे?"

"हो ना," आत्या म्हणाली. "तोच तर प्रश्न आहे."

थोरलीला मात्र काहीच विचारलं नाही. तिने सगळी तयारी करून ठेवली होती. दुरुस्तीवाल्याचं वाक्यसुद्धा घोकून ठेवलं होतं. आत्या तिच्या शेजारून गेली, ओव्हनचा प्लग काढून हातात घेतला आणि म्हणाली, "कुणी जवळ यायचं नाही. हे बंद असलं तरी आत वीज धरून ठेवतं. मी पेटी उघडतेय."

५

पेटी उघडून, आतली वीज उतरवून, आत्याने दाराच्या बाजूला बारीक पक्कड घातली. सगळे जरा लांब उभे.

"हे बघा," ती अखेर म्हणाली. तिच्या तळहातावर नखाएवढा काळा स्विच होता. "दार उघडलं की यानं यंत्र बंद करायचं. पण हा म्हातारा झालाय. कधी सुटतो, कधी चिकटून बसतो. दार हिसक्याने उघडलं तर हटकून चिकटतो."

"मग त्याने फ्यूज कसा जातो?" बाबांनी विचारलं.

"याच्या मागे एक पहारेकरी ठेवलेला असतो. दुसरा स्विच. दार उघडलं तरी यंत्र चालूच आहे असं त्याला दिसलं, तर तो मुद्दाम वीज आडवी घालतो आणि फ्यूज उडवतो. नाहीतर आतले किरण समोरच्या माणसाला भाजतील ना! तुमचा फ्यूज जातोय तो बिघाड नाही. तो कुणाचं तरी तोंड भाजण्यापासून वाचवतोय."

"म्हणजे..." थोरलीचा नवरा अडखळला.

"म्हणजे घंटा झाल्यावर हजार वेळा दार उघडा, काही होणार नाही. तेव्हा यंत्र बंद झालेलं असतं. दुरुस्तीवाल्यानं दर वेळी घंटेची वाट बघितली, म्हणून त्याला काही सापडलं नाही. फ्यूज जातो तो यंत्र चालू असताना कुणी दार उघडलं तरच." आत्याने स्विच ओट्यावर ठेवला. "या घरातलं कुणीतरी घंटेआधी दार उघडतंय. तो खटॅक दाराचा."

सगळ्यांच्या नजरा धाकटीकडे वळल्या. ओव्हन लावायची तीच. मेलेला सापडायचा तिलाच.

"बघा!" थोरली आनंदाने म्हणाली. "मी म्हणत नव्हते? वापरणाऱ्याचा हा..."

आणि तिथेच तिला कालचं झाकण आठवलं.

काल संध्याकाळी तिने वाडग्यावरचं झाकण उचललं होतं. वाडगं कुठे होतं? ओट्यावर नव्हतं. ओव्हनमध्ये होतं. दार कुणी उघडलं? मागच्या वेळी कुणी? त्याच्या आधी कुणी? पाठीमागे पावलं वाजतील म्हणून खसकन दार ओढायचं, वास घ्यायचा, झाकण दाबायचं, दार लोटायचं, पळायचं. पंख्याच्या घोंगावण्यात यंत्र मेलेलं कळायचंही नाही. आपण घातलेला नियम आपल्यालाही लागतो, हे तिच्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. नियम इतरांसाठी होता. ती फक्त बघत होती!

तिने आत्याकडे पाहिलं. आत्या पक्कड पुसत होती आणि मुद्दाम, अगदी मुद्दाम, दुसरीकडे बघत होती.

"ज्यानं उघडलं त्यानं सांगावं," आत्या म्हणाली. "मी चहा होईपर्यंत थांबते."

६

थोरलीने चहा टाकला. त्याला उकळी फुटेपर्यंत तिच्या मनात नाही नाही ते येऊन गेलं.

गप्प बसलं तर? कुणी पाहिलेलं नाही. आत्याला कळलं असेल, पण ती तोंडाने बोललेली नाही. धाकटी वर जाईल. स्वयंपाकघर आपलं. सूप आपलं. संध्याकाळचं वाडगं आपण नेऊ, आणि "वा! झकास!" आपल्याला मिळेल. इतकी वर्षं हेच तर हवं होतं! आणि सांगितलं तर? चोरासारखी झाकणं उचलत होते, असं सासऱ्यांसमोर सांगायचं? त्यापेक्षा धरणी फाटलेली बरी.

तिने चहा गाळला. ती कप घेऊन बाहेर आली तेव्हा धाकटी बाबांसमोर उभी होती. हातात झाडू, पदर खोचलेला.

"बाबा, मीच उघडलं असेल," धाकटी म्हणाली. "मला आठवत नाही, पण दुसरं कोण असणार? वहिनींच्या कष्टाची वस्तू माझ्या हातून खराब झाली. मी वरच्या खोल्या झाडून घेते."

थोरलीचा जीव भांड्यात पडायला हवा होता. दुसरीने आपण होऊन आळ अंगावर घेतला, अजून काय पाहिजे? ती कप ठेवायला वाकली.

आणि बाबा भरल्या आवाजात म्हणाले, "शाब्बास पोरी. चूक कबूल करायला मोठं मन लागतं. ते तुझ्याकडे आहे."

कप बशीवर आपटला. चहा टेबलभर झाला.

"काय म्हणालात?" थोरली ओरडली. "मोठं मन? हिचं? अहो, सूप मी करायचं, वाहवा हिला! आता चूक मी केली, तर तिचीसुद्धा वाहवा हिलाच? काही उरू द्याल की नाही माझं?"

थोरली बाबांच्या अगदी समोर आली.

"मी उघडलं! दर वेळी उघडत होते! हिचा काय संबंध? ही बावळट घंटेशिवाय दाराला बोटसुद्धा लावत नाही. मी उघडायचे दार, मीच!"

आत्याने शांतपणे चहाच्या ओघळाखालून आपला चष्मा उचलला. "हां," ती म्हणाली. "आता घोटभर चहा दे, उरला असला तर. धाकटी झाकण तिरकं ठेवते, म्हणजे घट्ट लावणारं माणूस दुसरंच. मशीन थांबवून उठणारी तूच. आणि घंटेच्या नियमाला न घाबरणारं माणूस एकच, ज्यानं तो नियम केला. मी काल-परवाची नाही गं. पण हे तू सांगणं वेगळं आणि मी सांगणं वेगळं."

७

धाकटीने झाडू भिंतीला टेकवला. ती थोरलीकडे बघत राहिली, आणि तिचे डोळे हळूहळू लाल झाले. रडून नव्हे, रागाने.

"वहिनी, मी दोन महिने झोपले नाहीये. मला वाटायला लागलं होतं की माझ्यातच काहीतरी आहे. मी हात लावते ते मोडतं. आणि तुम्ही... कशासाठी? काय बघायचात?"

थोरली पदराने टेबल पुसत होती. मान वर करायची सोय नव्हती. "तू त्यात काय घालतेस ते."

"कशात?"

"सुपात गं! दुपारी ते मुके असतात, आणि संध्याकाळी झकास. काय घालतेस?"

धाकटीने कपाळावर हात मारून घेतला. "काही नाही घालत! वाडगं ठेवते, समोर बसते, विचारते, कसं झालंय. मग ते सांगतात. तुम्ही विचारलंत कधी?"

विचारायचं असतं? थोरली तर वाडगं आदळायची आणि मशीनकडे धावायची. पडदे थांबलेले असायचे.

"तू वर जाऊ नकोस," ती खालच्या आवाजात म्हणाली. "चुकलं माझं. जळत होते मी तुझ्यावर. अजूनही जळतेय, खोटं कशाला बोलू. पण जाऊ नकोस."

धाकटीने झाडू उचलून दारामागे ठेवून दिला. "नाहीच जात. वर गेले तर तुम्ही झाकण उचलायला जिना चढाल, आणि पाठ धरली म्हणून पुन्हा माझ्याच नावाने ओरडाल." ती हसली नाही. पण आत जाऊन तिने पातेलं गॅसवर ठेवलं, सूप तापवलं, वाडग्यात ओतलं आणि वाडगं थोरलीच्या हातात दिलं. "आज तुम्ही न्या. आणि बसा समोर. पळू नका."

थोरली बाहेर आली. बाबांसमोर वाडगं ठेवलं. खुर्ची ओढली, बसली, उठावंसं वाटलं, पुन्हा बसली. नवीन नवरीला वाटली नसेल तेवढी लाज तिला वाटत होती. बाबांनी एक चमचा घेतला. दुसरा घेतला.

"कसं झालंय?" तिने विचारलं.

बाबांनी तोंड पुसलं. "मीठ कमी आहे."

थोरलीच्या नाकाचा शेंडा लाल झाला. सगळा राग, सगळी लाज एकदम उसळून वर आली. "तिला नाही कधी म्हणालात! तिला रोज वा आणि झकास! आणि मला विचारायची खोटी, की मीठ कमी?"

"तिला कसं म्हणणार?" बाबा चमचा सुपात बुडवत म्हणाले. "तिनं नुसतं गरम करून आणलेलं. सूप तुझं. मीठ रोजच कमी असतं. वाट बघत होतो, कधी विचारतेस."